तारेची चौकट

माणसाच्या हौसेला घरात किती जागा असावी, याचे काही शास्त्र असेल तर ते मला ठाऊक नाही. माझ्या हौसेची लांबीरुंदी साठ सेंटिमीटर आहे. फुलीसारख्या जोडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर गुंडाळलेले तारेचे दहा वेढे आणि जुन्या रेडिओतला एक फिरता कंडेन्सर, एवढाच तिचा संसार. हे रेडिओचे एरियल आहे असे सांगितले तरी पाहुण्यांना पटत नाही. पापड वाळवण्याची काहीतरी सोय असावी, असा त्यांचा समज होतो.

“अहो, ही थोडी लहान नाही का करता येणार?” असे पत्नी विचारते.

कशी करावी? हजार किलोहर्ट्झची लहर 300 मीटर लांब असते. तिच्यापुढे माझी चौकट म्हणजे समुद्रापुढे धरलेली ओंजळच! लहरीचे चुंबकीय क्षेत्र वेढ्यांच्या आतून जाते, तेव्हा तारेत विजेचा दाब उपजतो. आतली जागा जितकी मोठी तितका तो अधिक. चौकटीची बाजू निम्मी केली, की क्षेत्रफळ 3600 चौरस सेंटिमीटरांवरून 900 वर येते आणि दर वेढ्याची मिळकत चौथाई होते.

आकाराचेही तसेच. वेढ्याला तार तेवढीच, 2.4 मीटर, पण 90 बाय 30 अशी लांबट चौकट केली तर आत 2700 चौरस सेंटिमीटरच मावतात आणि वर्तुळ केले तर सुमारे 4580! वर्तुळ सर्वांत उदार खरे. पण सुताराला लाकडाचे वर्तुळ करायला सांगून पाहा, म्हणजे चौरसावर समाधान मानायला तुम्हीही शिकाल.

मात्र मोठी चौकट गाण्याबरोबर शेजारच्या दिव्यांची खरखरही गोळा करते. तिथे आकार कामाला येत नाही. चौकट फिरवावी लागते. गंमत अशी, की चौकटीने ज्याच्याकडे तोंड करावे ते तिला ऐकू येत नाही, आणि ज्याच्याकडे कड करावी ते स्पष्ट येते. कारण समोरून आलेल्या लहरीचे क्षेत्र वेढ्यांतून आरपार न जाता त्यांच्या पृष्ठाला समांतर निघून जाते. म्हणून मी खरखरीकडे चौकटीचे तोंड करतो.

ही विद्या मी माझ्या आईसाठी शिकलो. उतारवयात तिची दृष्टी गेली आणि पुण्याहून कोकणातल्या माहेरी जाणे संपले. रोज संध्याकाळी तिला रत्नागिरी केंद्र हवे असे. आवाज दुरून, क्षीण येई. मी चौकट बोटभर इकडे, बोटभर तिकडे वळवी. खरखर हळूहळू मावळे आणि बातम्या उमटत. आई हात वर करून मला थांबवी. जूनमधल्या अशाच एका संध्याकाळी तिने नीट ऐकून घेतले आणि अंगणात उभी असल्यासारखी ती म्हणाली, “लागला हो आमच्याकडे पाऊस.”

त्या दिवशी पुण्यात मात्र थेंब नव्हता.