आईचा अनुस्वार आणि माझ्या फ्रेम्स

२७ इंची फुल एचडी मॉनिटर दुकानात भारी वाटतो. पण १९२० गुणिले १०८० पिक्सेल तेवढ्या काचेवर पसरले की इंचाला जेमतेम ८२ उरतात. २४ इंचीत ९२. गेममध्ये पळापळ चालू असताना हे कोण बघतंय? तिथे १४४ हर्ट्‌झ हवं, साधारण ७ मिलिसेकंदांना नवी फ्रेम. पण मी ऑफिसात असतो तेव्हा याच स्क्रीनवर आई ई-पेपर वाचते. इंग्रजी अक्षरं कमी पिक्सेलात निभावतात. आपली जोडाक्षरं, रफार, अनुस्वार यांचा गिचमिड काला होतो. २७ इंची क्यूएचडीत इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. फक्त माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला पावणेदोनपट पिक्सेल ओढावे लागणार, म्हणजे फ्रेम्स घटणार. घटू देत. (मित्र म्हणाला, मग १४४ हर्ट्‌झचे पैसे कशाला? मुद्दा बिनतोड आहे.) तोच घेतला. गेम ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आलाय, आई शब्दकोडं झूम न करता सोडवते.