एकवीसच्या आतला काचबिंदू

डोळ्याचा दाब मोजताना मला रुग्णाच्या हृदयाचे ठोके दिसतात. हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्टीला लावलेलं, डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि थोडा पिवळा रंग. निळा उजेड टाकून मी यंत्राचा छोटा शंकू कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, अलगद टेकवते. मग दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसू लागतात, एक वर आणि एक खाली. बाजूचं चाक फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि आकडा वाचायचा. पण कडा स्थिर राहत नाहीत. प्रत्येक ठोक्याला रक्त डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरात शिरतं, दाब पाऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटरने चढतो, उतरतो आणि त्याबरोबर कडाही हलतात. त्या हालचालीचा मध्य धरून मी केसपेपरवर लिहिते: १४. रक्ताच्या त्या ये-जा करण्याची नोंद मात्र कागदावर कुठेच होत नाही.

हे यंत्र स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी १९५०च्या दशकात घडवलं. त्याआधी नॉर्वेच्या श्योट्झ यांचं १९०५चं उपकरण होतं. रुग्णाला आडवं करून डोळ्यावर छोटं वजन ठेवायचं आणि कॉर्निया किती दबतो ते काट्यावर बघायचं. त्याही आधी पापणीवरून दोन बोटांनी चाचपून अंदाज घेत. गोल्डमन यांनी कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो, ते मोजलं. या मापाला कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळपास खोडून काढतात आणि १ ग्रॅम जोर म्हणजे पाऱ्याचे १० मिलिमीटर, असा सोपा हिशेब बसतो. मात्र हा हिशेब कॉर्नियाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन धरून केलेला आहे. ती कमी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. लेसरने चष्म्याचा नंबर घालवलेल्यांचा कॉर्निया पातळ झालेला असतो. वीस वर्षांपूर्वीचं ते ऑपरेशन सांगायचं त्यांच्या लक्षातही राहत नाही, म्हणून मी प्रत्येकाला मुद्दाम विचारते.

आता दाबाची ‘नॉर्मल’ सीमा मानल्या जाणाऱ्या २१ या आकड्याबद्दल. जर्मनीत १९५०च्या दशकात हजारो लोकांचे दाब मोजले गेले. सरासरी १५-१६च्या आसपास आली, तीत संख्याशास्त्राच्या रीतीने दोन प्रमाण विचलनं मिळवली आणि वरची सीमा २१च्या जवळ ठरली. ही निरोगी माणसांमधल्या वाटणीची सीमा आहे. तिच्या आत डोळ्याची नस सुरक्षित असते, असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. जपानमधल्या ताजिमी शहरात लोकांना बोलावून तपासलं, तेव्हा खुल्या कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमी निघाला. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना आपल्याला हा आजार आहे, हेच ठाऊक नव्हतं. असं असताना आपल्याकडच्या शिबिरांत हवेचा झोत मारून दाब बघतात आणि कार्डावर ‘प्रेशर नॉर्मल’ असा शिक्का मारून माणसाला घरी पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. नस न बघता दिलेला तो निर्वाळा माणसाला पुढची पाच वर्षं निर्धास्त ठेवतो आणि तेवढ्यात नजरेचा घेर आक्रसत जातो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

दाब कमी असूनही काचबिंदूत नस का सुकते? मेंदूकडे जाणारे दहा-बारा लाख तंतू जिथून डोळ्याबाहेर पडतात, तिथे त्यांना एका जाळीदार पडद्यातून जावं लागतं. डोळ्याच्या दाबाचा ताण तिथे पडतो आणि त्याच जागी अगदी बारीक धमन्यांमधून रक्त पोहोचायचं असतं. या धमन्यांचा नकाशा मांडण्यात पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले सोहन सिंग हयरेह यांचा वाटा फार मोठा. आत ढकलणारा रक्तदाब आणि त्याला अडवणारा डोळ्याचा दाब यांच्या वजाबाकीवर नसेला मिळणारं रक्त अवलंबून असतं. खालच्या रक्तदाबातून डोळ्याचा दाब वजा केला की ढोबळ अंदाज मिळतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत ही वजाबाकी ३०च्या खाली असलेल्यांत काचबिंदूचं प्रमाण सहापट आढळलं.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. शाळेत शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते. दाब कायम १३-१४. थेंब अगदी वेळेवर. तरी फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेच्या घेराच्या तपासणीत, काळा डाग वाढत होता आणि एका भेटीत नसेच्या काठावर बारीक रेघेसारखा रक्तस्राव दिसला. आजार पुढे सरकतोय, याची ती ठळक खूण. “बाई, रक्तदाबाची गोळी कधी घेता?” “रात्री झोपताना. दोन्ही गोळ्या एकदमच घेते, विसरायला नको म्हणून.” त्यांच्या फिजिशियनशी बोलून चोवीस तास रक्तदाब नोंदवणारं यंत्र दंडाला लावलं. दिवसा १३०/८०, पहाटे तीनच्या सुमारास ९०/५०. आडवं झाल्यावर डोळ्याचा दाब चढतो. तो १८ झाला असं धरलं तर दिवसाची ६६ची वजाबाकी पहाटे ३२वर येते. फिजिशियननी एक गोळी सकाळी केली, दुसरीची मात्रा कमी केली. त्यानंतरच्या फील्ड टेस्टमध्ये डाग तेवढाच राहिला आहे. एका रुग्णावरून नियम करता येत नाही, हे मला कळतं. पण गोळी कधी घेता, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आणि हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पक्षाघाताचा धोका खरा आहे.

मग थेट रक्तप्रवाहच का मोजू नये? प्रयत्न खूप झाले. मॉरिस लँगहॅम यांनी ठोक्यागणिक होणाऱ्या दाबाच्या याच चढउतारावरून आत येणाऱ्या रक्ताचा हिशेब मांडला, पण त्यात डोळ्याच्या कवचाचा ताठरपणा सगळ्यांचा सारखाच धरावा लागे. कलर डॉप्लरने नसेमागच्या धमन्यांमधल्या रक्ताचा वेग कळतो. वाहिनीची रुंदी कळत नाही, म्हणून एकूण रक्त किती ते सांगता येत नाही. आता ओसीटी अँजिओग्राफी आली आहे. ना सुई ना रंग, काही सेकंदांत नसेभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं पडद्यावर उमटतं. काचबिंदूत ते विरळ दिसतं. पण हे चित्र वाहिन्या कुठे आहेत ते दाखवतं, रक्त किती वाहतंय ते नाही. शिवाय तंतू मेल्यावर त्यांना रक्ताची गरजच कमी होते, तेव्हा विरळ जाळं हे आजाराचं कारण की परिणाम, हे एका चित्रावरून ठरत नाही. म्हणून ही तपासणी मी प्रत्येकाला सांगत नाही.

उपचार म्हणून ठामपणे सिद्ध झालेली गोष्ट आजही एकच आहे: डोळ्याचा दाब आणखी उतरवणं. तो १४ असला तरीही. स्वीडनमधल्या एका चाचणीत दर एक मिलिमीटर उतारामागे आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटला. त्यामुळे बाईंचा थेंबही मी बदलला आणि आता त्यांचा दाब ११ असतो. बाई रोज शीर्षासन करायच्या, तेही थांबवलं. चेन्नईत योगसाधकांवर केलेल्या अभ्यासात त्या आसनात दाब जवळपास दुप्पट झालेला दिसला होता. बाकी आसनं त्या करतात. पुढच्या भेटीला त्या धाकट्या बहिणीला घेऊन येणार आहेत. तिला कसलाच त्रास नाही आणि मागच्या शिबिरातलं तिचं कार्ड ‘नॉर्मल’ आहे. तिच्या बाहुल्या मोठ्या करून मी आधी नस बघणार आहे.