रूह

माझे माहेर मिरजेचे आणि सासर साताऱ्याचे. मधल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या रेल्वेत माझे निम्मे आयुष्य गेले. माहेरी अब्बा जवारीचे कारागीर होते. सतार, तानपुरा तयार झाला की घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासून तार बोलती करायची, हे त्यांचे काम. दुकान दुसऱ्याचे, कान अब्बांचे. आमच्या घरात आवाजाबद्दल जेवढी चर्चा झाली तेवढी पैशाबद्दलही झाली नसेल.

पण हा लेख सतारीबद्दल नाही. माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता. २०२२ च्या दिवाळीआधी त्याने मला मोबाईलवर एक अल्बम पाठवला. नाव होते 'रूह'. खाली लिहिले होते, "फुप्पी, एकटी असशील तेव्हा ऐक. मध्येच बंद करू नकोस."

नाव वाचून मला वाटले, कव्वाली असेल. रात्री जेवणे आटोपल्यावर इअरफोन लावून बसले. दोन मिनिटे झाली, गाणारा येईना. गिटारची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. मग तिच्यामागे दुसरी गिटार आली, खालून ढोल-ताशांसारखा ड्रमचा आवाज चढत गेला आणि शेवटी सगळे एकदम अंगावर कोसळले. मी घाबरून आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या मराठीच्या सरांना थोडे ऐकवले. ते नाट्यसंगीताचे जुने भक्त. ते म्हणाले, "बाई, हे पार्श्वसंगीत झालं. नाटक कुठं आहे?" मला उत्तर देता आले नाही, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

भाच्याकडून नंतर कळले ते असे. या संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात. सायमन रेनॉल्ड्स नावाच्या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये हा शब्द रूढ केला. वाद्ये रॉकचीच, गिटार आणि ड्रम, पण गाण्याचे कडवे-ध्रुपद नाही, बहुधा शब्दही नाहीत. आठ-आठ, दहा-दहा मिनिटे एकच कल्पना हळूहळू वाढवत न्यायची. स्कॉटलंडचा मोगवाई, आइसलंडचा सिगुर रोस ही त्यातली मोठी नावे. सिगुर रोसने २००२ मध्ये एक अल्बम काढला, त्याला नावच दिले नाही, नुसते दोन कंस. त्यातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी ठेवलेली. ऐकणाऱ्याने त्यावर आपल्या मनातले लिहावे, अशी कल्पना. आपल्याकडे तराण्यात 'तोम तनन' गातात आणि त्याचे श्रेय परंपरेने अमीर खुसरोला देतात, ते मला आठवले. अर्थ नसलेले शब्द गाणे ही काही आइसलंडची मक्तेदारी नाही.

'रूह' काढणारा बँड मात्र आपल्याच देशातला, अहमदाबादेत सुरू झालेला. नाव 'ॲज वी कीप सर्चिंग'. त्यांचा पहिला अल्बम 'ख्वाब' २०१५ चा, 'झिया' २०१७ चा आणि 'रूह' २०१९ चा. स्वप्न, प्रकाश आणि आत्मा. ही तीन नावे ओळीने वाचली आणि मला वाटले, ही मुले आपल्या आजीच्या तोंडचे शब्द घेऊन कुठे निघाली आहेत?

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेले. भाच्याने एक छोटा स्पीकर आणला होता. असरनंतर चहा झाला आणि त्याने सगळ्यांसमोर 'रूह' लावला. खरे तर त्या घरात ही मोठी गोष्ट होती. भाईजान तरुणपणी अब्बांच्या शेजारी बसून जवारी शिकलेला. हात चांगला होता. पण पुढे तो दीनच्या कामात गेला, मौसिकी नाजायज आहे असे त्याचे मत झाले आणि त्याने कानस खाली ठेवली. बाजारात हार्डवेअरचे दुकान टाकले. अब्बा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून घरी आल्यावर ते कामाबद्दल बोलेनासे झाले. दहा वर्षे आमच्या घरात रेडिओवर बातम्याच लागत होत्या. भाच्याची गिटार माळ्यावर चादरीत गुंडाळलेली असे. ती तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी विचारत नव्हते.

स्पीकर सुरू झाला. अम्मीने 'रूह' हे नाव ऐकून सवयीने डोक्यावर पदर घेतला होता. थोड्या वेळाने म्हणाली, "गानेवाला किधर है रे इसमें?" भाभी म्हणाली, "पिक्चर में कोई मरनेवाला रहता ना, वैसा लगता." आम्ही हसलो. भाचा हसला नाही. त्याचे सगळे लक्ष अब्बांकडे होते.

अब्बांचा डावा कान तेव्हा पुरता गेला होता आणि उजव्यानेही कमी ऐकू यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर कानावर भाकरी मिळवली त्याचे हे दुःख तो कुणाला सांगणार? ते उठले, स्पीकरजवळ जाऊन बसले आणि त्यावर तळहात ठेवला. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवायचे तसाच. गिटारचा आवाज चिरत गेला, जो मला साताऱ्यात सोसला नव्हता, तेव्हा अब्बा म्हणाले, "जवारी खुली है. बहोत खुली. लेकिन सुर सच्चा है."

भाचा नुसता बघत राहिला. मग त्याने मला समजावले. गिटारचा आवाज पेडल नावाच्या डब्यातून मुद्दाम फाडतात, त्याने मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. अब्बांची जवारीही तेच करते. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर तार घासत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर फुटतात. सतारीची जवारी खुली ठेवली की आवाज झणझणीत होतो, बंद ठेवली की गोल. आम्ही चौघांनी ऐकून जे सांगितले ते आमच्या मनातले होते. कारागिराने जे सांगितले ते आवाजातले होते.

त्या दिवशी तारीख होती २७ ऑक्टोबर. अब्बांच्या ती लक्षात होती. १९३७ साली याच तारखेला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासकडच्या सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर वारले. त्यांना आणून मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. दर उरुसाला तिथे चिंचेच्या झाडाखाली संगीतसभा होते, ती त्यांच्याच आठवणीने. पण खाँसाहेबांचे गाणे नवे होते तेव्हा ऐकणारे काय म्हणत होते? फार संथ आहे. एकेका सुरावर किती वेळ थांबायचे? शब्द नीट कळत नाहीत. लयीकडे लक्ष नाही. किराणा घराण्यावरचे हे आक्षेप गाण्याच्या पुस्तकांतून आजही वाचायला मिळतात. 'गानेवाला किधर है' आणि 'नाटक कुठं आहे' यांचीच ही थोरली भावंडे.

आणि त्याच गाण्याच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या रेकॉर्डने काय केले? गदगच्या एका मुलाने खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली, आपल्यालाही असे गाता आले पाहिजे हे त्याच्या मनाने घेतले आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरू शोधायला तो घरातून निघून गेला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते मिरजेच्या त्याच दर्ग्यात येऊन गायले. एकच रेकॉर्ड, कुणाला रटाळ वाटली आणि कुणाला घर सोडायला लावून गेली.

माझ्या आजोबांनी खाँसाहेबांना दर्ग्यात ऐकले होते. अब्बा सांगत, आजोबांना विचारले की लोक कसे दाद देत, तर ते म्हणत, "दाद कुणी दिलीच नाही. सगळे गप्प बसले होते."

भाईजानबद्दल सांगायचे राहिले. स्पीकर सुरू झाला तेव्हा तो दुकानातून येऊन दारात उभा राहिला होता. आत आला नाही, बाहेरही गेला नाही. मी मनातून घाबरले होते. तो सुफींवर फारसा विश्वास ठेवत नाही, पण इमाम गझालींचे नाव आदराने घेतो. गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, एक सबंध प्रकरण लिहिले आहे. हजरत जुनैद यांचे म्हणणे ते तिथे देतात, की ऐकायला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. आणखी एक गोष्ट ते सांगतात, की ऐकणे मनात नसलेले काही आणत नाही, जे आधीच आहे तेच हलवते. यावर उलेमांत मतभेद आहेत आणि तो वाद मिटवण्याची माझी पात्रता नाही. भाईजानचे मत चुकीचे म्हणण्याचाही मला अधिकार नाही. त्याने स्वतःचे कसब त्यासाठी सोडले होते, माझ्यासारखे नुसते बोलून दाखवले नव्हते.

तो तुकडा आठेक मिनिटे चालला असेल. शेवटी सगळा गदारोळ उतरत उतरत एकट्या गिटारवर आला आणि थांबला. तेव्हा भाईजान म्हणाला, "मगरिब का वक्त हो रहा है. बंद करो." भाच्याने बंद केले. अजानला अजून दहा मिनिटे होती. पण मी घड्याळ पाहिले तेव्हा दुसरेही लक्षात आले. भाईजान तुकडा संपेपर्यंत थांबला होता.

नमाजनंतर अब्बांनी गिटार खाली काढायला सांगितली. तानपुऱ्याच्या तारेखाली घोडीवर एक बारीक सुती दोरा सरकवतात, तो नेमक्या जागी बसला की तार गुंजू लागते. त्या दोऱ्याला जीव म्हणतात. अब्बांनी गिटारची घोडी बोटाने चाचपली, मान हलवली. "पतली है. इधर जीव डाल के फायदा नहीं." मग शेजारच्या पेडलच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तेरा जीव उस डब्बे में है." भाचा त्या रात्री पहिल्यांदा मोठ्याने हसला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात अब्बा गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांची धार सोडून वाद्ये घडवायला घेतली, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. ही बातमी ऐकायला अब्बा हवे होते, असे आम्हाला सगळ्यांना वाटले. भाईजानने ते बोलून दाखवले, आम्ही नाही.

अब्बांची पेटी आवरायला मी गेले होते. कानशी त्यांच्या दुकानातल्या एका तरुण कारागिराला दिल्या. तळाशी जीवाच्या दोऱ्याची एक गुंडाळी निघाली. भाईजानने ती हातात घेतली, अंगठ्याने थोडा दोरा सोडून पाहिला, पुन्हा गुंडाळला आणि काही न बोलता भाच्याच्या गिटारच्या पिशवीत टाकली.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. 'रूह' आम्ही पुन्हा एकत्र ऐकला नाही. साताऱ्याला परतताना गाडीत मी तो कधीकधी लावते. आता तो चढत जाणारा आवाज मी कमी करत नाही. तो दोरा गिटारला लावता येत नाही, हे भाच्याला ठाऊक आहे. गुंडाळी अजून पिशवीतच आहे.