जांभळ्या बुचाची ट्यूब

मुलगा झाला तेव्हा धड रडलाच नाही. अंग लुळं, दूध ओढायची ताकद नाही. दवाखान्यात नाकातल्या नळीने दूध दिलं. थेरगावला घरी आणल्यावर सासूबाई बोंडल्याने पाजायच्या. शेजारणी म्हणायच्या, "गुणी आहे गं, आवाज नाही त्याचा."

डॉक्टरांनी गुणसूत्रं तपासायला सांगितली. हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. पण बाळ मान धरेना. यांची चाकणला शिफ्ट, म्हणून डांगे चौकातून रिक्षा करून मीच दवाखाने फिरले. सगळीकडे तेच उत्तर, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? थांबा थोडं."

शेवटी पुण्यातल्या जेनेटिक्सच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी बाळाला तपासलं, फाइल चाळली. "ताई, प्रेडर-विली नावाचा जनुकीय आजार वाटतोय. गुणसूत्रं मोजून हे कळत नाही. मेथिलेशन टेस्ट करू." या वेळी ट्यूबला जांभळं बूच होतं.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईकडच्यावर मेथिलची रासायनिक खूण असते, वडिलांकडच्यावर नसते. अक्षरं तीच, फरक नुसता अनुस्वाराचा. ही खूण वाचायला डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. डीएनएतलं 'सी' हे अक्षर खूण नसेल तर बदलतं, खूण असेल तर तसंच राहतं. ऑस्ट्रेलियात मारियान फ्रॉमर यांच्या गटाने १९९२ साली ही पद्धत मांडली.

एरवी या टेस्टमध्ये दोन पट्टे दिसतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. आमच्या रिपोर्टात एकच होता, आईकडचा. माझा एकटीचाच आलाय म्हटल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. यात कुणाचाच दोष नसतो, असं मॅडमनी सांगितलं. पटायला वेळ लागला.

ही टेस्ट नव्व्याण्णव टक्के मुलांत आजार पकडते. मात्र वडिलांकडचा तुकडा गळालाय, की दोन्ही प्रती आईच्याच आल्यात, हे तिच्यातून समजत नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर पुढची तपासणी कराच. बहुतेक कारणांत पुन्हा होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, पण एका दुर्मिळ कारणात तो निम्म्यापर्यंत जातो.

आता फिजिओथेरपी चालू आहे. ग्रोथ हार्मोनसाठी नंबर लावलाय. काही वर्षांनी याला न भागणारी भूक लागेल, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. मी फडताळाला आत्ताच कुलूप लावून घेतलं. सासूबाईंना ते मुळीच पटलेलं नाही. "दूध ओढत नव्हतं ते पोर," म्हणतात, "आणि तू खाऊला कुलूप लावतेस?"