तपकिरी रंग कुणाचा?

अँटिबॉडीने रंगवलेल्या यकृताच्या चकतीवर तपकिरी रंग उमटला, की जीसीएलसी हे एन्झाइम सापडले असे लिहून मोकळे व्हायची घाई मला पटत नाही. पेशी ग्लुटाथायोन दोन टप्प्यांत बनवते आणि त्यातला पहिला, एकूण वेग ठरवणारा टप्पा हेच एन्झाइम पार पाडते. ते कुठल्या पेशीत किती आहे, हे म्हणूनच मोलाचे. पण अँटिबॉडी ओळखते तो प्रथिनाचा एक लहानसा भाग, आणि तसा भाग दुसऱ्या प्रथिनावरही असू शकतो. त्यात यकृत फार फसवे. तिथे लिपोफ्युसिनचे दाणे मुळातच पिवळट तपकिरी असतात, बायोटिन भरपूर असते आणि पेशींतले पेरॉक्सिडेझ आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने मारले नाही तर तेही रंग देते. पहिली अँटिबॉडी न घालता रंगवलेल्या शेजारच्या चकतीतही तेच दाणे तपकिरी दिसले, तर तो रंग जीसीएलसीचा नव्हे.

यावर अँटिबॉडीची डेटाशीट दाखवली जाते: वेस्टर्न ब्लॉटमध्ये ७३ किलोडाल्टनपाशी स्वच्छ एकच बँड आहे, आणखी काय हवे? पण ब्लॉटमध्ये प्रथिन पूर्ण उलगडलेले असते. चकतीत ते फॉर्मॅलिनने जखडलेले आणि बफरमध्ये उकळून जेमतेम सैल झालेले असते. एका अवस्थेतली खात्री दुसरीत चालत नाही. पेप्टाइड घालून रंग घालवून दाखवणे तर त्याहून कमकुवत, कारण चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडीसुद्धा त्याच पेप्टाइडने अडते. खरी कसोटी म्हणजे जीसीएलसी नसलेली पेशी. माणसाच्या ऊतीतून जीसीएलसीचे जनुक काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. हे जनुक नसलेले उंदराचे भ्रूणही जगत नाहीत. तरी अशा भ्रूणांपासून मिळवलेल्या पेशी माध्यमात ग्लुटाथायोन घातले की वाढतात, हे २००० साली दाखवले गेले. मग जनुक काढलेल्या मानवी पेशी तशाच जगवाव्यात, त्यांचा गोळा फॉर्मॅलिन-पॅराफिनमध्ये बसवावा आणि रुग्णाच्या चकतीसोबत, त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये रंगवावा. त्यावर तपकिरी रंग उमटला नाही, तरच चकतीतल्या तपकिरी रंगाबद्दल बोलावे.

एवढा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे, असे विचारतात. रुग्णाच्या बायॉप्सीचा ब्लॉक कापून संपतो, पुन्हा मिळत नाही. त्यापुढे पेशींच्या गोळ्याचा खर्च किरकोळ आहे. शिवाय ही कसोटी एकदाच करून भागत नाही: पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा नवा लॉट अनेकदा वेगळ्या सशाच्या रक्तातून आलेला असतो. तेव्हा नोंदवहीत लॉट क्रमांक लिहावा आणि तो बदलताच गोळा पुन्हा रंगवावा, रुग्णाची चकती त्यानंतर.