माळाला कुठली लेन्स?

लार्ज फॉरमॅटसाठी लेन्सचा आदर्श संच विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ९० मिमी वाइड, १५० नॉर्मल आणि ३०० लांबची. चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा कर्ण १५० मिमीच्या आसपास भरतो, म्हणून ती मधली. मग एक तिच्या अलीकडची, एक पलीकडची. हिशेब चोख आहे, पण तो मांडलाय डोंगरातल्या माणसांनी. अॅन्सेल अॅडम्सचं योसेमिटी घ्या, नाहीतर आपला सह्याद्री. कोकणकड्यावर ९० लावली की पायाशी कातळ, समोर दरी, वर ढग. चौकट आपसूक भरते. तीच लेन्स घेऊन पुण्याचा एखादा मित्र सस्तापूर बंगल्याच्या फाट्यावरून बसवकल्याणकडे वळतो आणि दुपारपर्यंत हात टेकतो. इथे खाली ढेकळं, वर आभाळ आणि मधोमध क्षितिजाची दोरी. जे काही बघण्यासारखं आहे ते त्या दोरीवर, आणि ९० मिमी नेमकं तेच बारीक करून टाकते.

बारीक म्हणजे किती, ते कागदावर मांडता येतं. गावातला बसवेश्वरांचा पुतळा १०८ फुटी, म्हणजे साधारण ३३ मीटर. नजर मोकळी असेल अशा बांधावरून, तीन किलोमीटर अंतरावरून तो ९०ने घेतला तर निगेटिव्हवर त्याची उंची जेमतेम एक मिलिमीटर भरते. १५०ने दीडच्या थोडी वर, २४०ने अडीचच्या वर. निगेटिव्हच्या चौपट प्रिंट काढला तर पहिल्यात पुतळा चार मिलिमीटरचा, शेवटच्यात सेंटिमीटरभराचा. चार मिलिमीटरला लोक डाग समजून बोटाने पुसायला जातात.

मग सरळ ३००च का नाही? लेन्स म्हणून ती उत्तमच. निकॉनची ३०० मिमी एफ/९ तर ३०० ग्रॅमलाही पोचत नाही. अडचण बेलोजची. माझ्या लाकडी फील्ड कॅमेऱ्याचा बेलोज ताणून ताणून बारा इंच. तेवढ्यात ३०० मिमी अनंतावर कशीबशी फोकस होते. दहा मीटरवरच्या बाभळीसाठी आणखी नऊ-दहा मिलिमीटर लागतात, ते कुठून आणायचे? हुमनाबादजवळ जलसंगवीला चालुक्यांच्या काळातलं देऊळ आहे, शिलालेख कोरणाऱ्या मदनिकेसाठी ते प्रसिद्ध आहे. देवळावरची मीटरभर उंचीची मूर्ती दहा सेंटिमीटरची करून निगेटिव्हवर बसवायची तर बेलोज फोकल लेंग्थच्या १.१ पट हवा. २४०ला २६४ मिलिमीटर, म्हणजे आरामात. ३००ला ३३०, म्हणजे घरी परत. त्यामुळे या मुलखात माझी पहिली लेन्स २४०. संच तिच्यापासून सुरू होतो.

सपाट जमीन फोटोग्राफरला रडवते खरी, पण या कॅमेऱ्यासाठी ती पर्वणी आहे. लेन्स पुढे कलवली की फोकसची पातळीही आडवी होत जाते आणि थेट जमिनीवर टेकवता येते. किती कलवायची हे फोकल लेंग्थ आणि लेन्सची जमिनीपासूनची उंची यावर ठरतं. उंची दीड मीटर धरली तर ९०ला साडेतीन अंशांच्या आत, १५०ला पावणेसहा, २४०ला सव्वानऊ. एवढ्यावर चौकटीच्या खालच्या कडेवरचा हरभरा आणि क्षितिजावरचं गाव एकाच वेळी धारदार. आता सव्वानऊ अंश कलवलेल्या लेन्सचं प्रतिमा-वर्तुळ ऐसपैस हवं, नाहीतर कोपरे काळे पडतात. फुजिनॉनची २४० मिमी एफ/९ सुमारे ३३६ मिलिमीटरचं वर्तुळ देते. गरज २१० ते २१५ची. लेन्स घेताना लोक तिच्या धारेवर तासन् तास बोलतात आणि वर्तुळाचा आकडा शेवटी विचारतात. मी तो आधी विचारतो.

यात एक मेख आहे. जवळ काही उभं असेल तर त्याचा शेंडा या पातळीच्या बाहेर जातो. लांबचं गाव, घुमट, पुतळा चालतो, कारण दूर जाताना धारदार भागाची जाडी वाढत जाते. दहा मीटरवरचं कडुनिंब मात्र वरून विरघळतं. तेव्हा झाड तरी सोडायचं, नाहीतर कल.

हे सगळं काळ्या कापडाखाली चाललेलं असताना बांधावरून हमखास हाक येते, “काय वो सर, रोडचा सर्वे हाय का?” नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. मग मी ग्राउंड ग्लासवर उलटं दिसणारं त्यांचंच शेत दाखवतो. एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं, “आमची हीर कुठाय?” विहीर चौकटीबाहेर राहिली होती. त्यांच्या मते तो फोटोच झाला नाही.

या भागाचे जुने फोटो इमारतींसाठी काढलेले आहेत. हेन्री कझेन्सचं कन्नड जिल्ह्यांतल्या चालुक्य स्थापत्यावरचं पुस्तक १९२६चं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचं बीदरवरचं १९४७चं. इमारतीला वाइड आणि भरपूर राइझ लागतो, म्हणून ९० मिमी मीही विकलेली नाही. नारायणपूरच्या शिवमंदिरासमोर किंवा किल्ल्याच्या दरवाजांत मागे सरकायला जागा मिळत नाही, तिथे तिच्यावाचून चालत नाही. पण त्या दिवशी ती एकटीच पिशवीत जाते. माळावर जाताना घरी.

१५०चं काय, हा प्रश्न राहतोच. ती माझ्याकडे आहे, तळ्याकाठी कामाला येते, त्रिपुरांतला विशेष. बाकी वेळी ती आणि २४० यांत निवड करताना मी ऊन घालवतो, म्हणून हल्ली बहुतेकदा तीही नेत नाही.

लांब लेन्सचा खरा वैरी इथला उन्हाळा. मार्चनंतर नऊ वाजले की क्षितिज उकळायला लागतं आणि कितीही महाग काच त्यापुढे हतबल. पावसाची उघडीप किंवा डिसेंबर-जानेवारीची सकाळ, एवढेच दिवस हाती. बीदरकडची तांबडी जमीन लाल फिल्टरने उजळते, पण तो तीन स्टॉप खातो. १२५ आयएसओची फिल्म, लख्ख ऊन, एफ/३२: पाव सेकंद. पाव सेकंदात ज्वारीचं कणीस वितभर डुलतं. म्हणून मी तूर निघायची वाट बघतो. धसकटं हलत नाहीत.