वॉटसनचे लोखंडी हॉटेल

सांगलीचा हळदीचा वा साताऱ्याचा कापडाचा व्यापारी पूर्वी मुंबईस गेला, की सी. पी. टँकच्या हिराबागेसारख्या धर्मशाळेत उतरत असे. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावे बांधलेली ही वास्तू जैन समाजास परिचित आहे. काळा घोडा परिसरातील एका जुन्या उतारगृहाकडे मात्र कोर्टकचेरीस जाणाऱ्यांचेही फारसे लक्ष गेले नाही. ते म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, एके काळचे वॉटसन हॉटेल.

जॉन वॉटसन हा इंग्लंडमधून आलेला कापडाचा व्यापारी. १८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर त्याला प्रथम दुकान व कचेरी उभारायची होती. पुढे बेत बदलून हॉटेल झाले. १८६७ चा भाडेपट्टा ९९९ वर्षांचा, सालीना भाडे ९२ रुपये १२ आणे! हिशेबी माणसास हेवा वाटावा असाच हा करार.

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पॅंक्रस स्थानकाच्या विशाल छतातही त्याचा हात होता. लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणले गेले आणि येथे जोडले गेले. मजल्यांचा सारा भार बिडाच्या खांबांवर व लोखंडी तुळयांवर. विटांच्या भिंती केवळ मधली जागा भरण्यापुरत्या. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी सांगाडा आधी व भिंती मागाहून, अशीच बांधकामे होतात. त्या काळी ती रीत नवलाची होती. सुमारे १३० खोल्या, रस्त्याच्या अंगास रुंद सज्जे आणि मध्यभागी काचेच्या छताचा चौक.

१८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. त्याच वर्षी मार्क ट्वेन येथे राहिला व खिडकीतल्या कावळ्यांवर त्याने मिस्कील लिहिले. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही कथा मात्र सांगोवांगीचीच मानावी. १९०३ मध्ये ताज उघडल्यावर वॉटसनचे तेज उतरत गेले, हे खरे.

हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांचे तुकडे पडले, पोटमाळे चढले, वकिलांच्या कचेऱ्या व दुकाने थाटली गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस जागा सोडवेना. घसाऱ्याची तरतूद कोणाच्याच वहीत नव्हती. धर्मशाळेस निदान विश्वस्त असतात व दुरुस्तीचा निधी असतो. येथे जबाबदारी नेमकी कोणाची, हेच ठरेना. लोखंड गंजत राहिले. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला.

२०१८ मध्ये हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुढच्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली. पाडावी असे काही तज्ज्ञांचे मत पडले, तर वारसा जपणाऱ्यांनी सांगाडा दुरुस्त होऊ शकतो असा आग्रह धरला. वॉटसनचा तो भाडेपट्टा कागदाप्रमाणे २८६६ मध्ये संपायचा.